डिस्प्लेवरची काळी पट्टी

यशा, तू मला फसवलंस. पुण्याच्या त्या कॅमेरेवाल्यानं नाही, तू. तो माणूस सरळ व्यवहार करून मोकळा झाला होता आणि मी इतकी वर्षं त्याच्या नावानं बोटं मोडत राहिलो. फसवणारा माझ्याच दुकानात, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून चहा पीत होता.

तू जाऊन अजून महिना झाला नाही. गेलेल्या माणसाशी असं बोलू नये म्हणतात. पण बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, आणि खरं सांगायचं तर गेल्या आठवड्यापासून मला फार बरं वाटतंय. तू गेल्यावर छातीवर जो धोंडा बसला होता, तो उतरला. आता मी तुझ्यावर चिडू शकतो. आधी तेवढंही जमत नव्हतं.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी तुझ्या उशाशी बसलो होतो. नाकातली नळी बाजूला सारून तू म्हणालास, "शेठ, त्या कॅमेऱ्याचं..."

मी तुला पुढं बोलू दिलं नाही. "गप. कळतंय मला. बरा होऊन ये, नवा घेतो. ह्याच्यापेक्षा मोठ्या डिस्प्लेचा."

त्यावर तू हसायला लागलास. हसता हसता ठसका लागला, नर्स धावत आली आणि तिनं मला बाहेर काढलं. मला वाटलं, माझ्या हातून एक व्यवहार चुकला, त्याची शिक्षा हा माणूस मरेपर्यंत भोगतोय, आणि वर मोठ्या मनानं हसतोय. त्या हसण्यानं मला अन्न गोड लागेना.

दहाव्याला पंचगंगेवर कावळा शिवेना. भटजी घड्याळ बघायला लागले. सगळ्यांनी आपापलं सांगून बघितलं. मग मी पुढं झालो आणि चारचौघांत म्हणालो, "यशा, नवा कॅमेरा घेतो. पोरीच्या हातात देतो. शब्द दिला." कावळा दोन उड्या मागं सरकला. मग तुझी शुभांगी आली, वाकली आणि हळू म्हणाली, "बाबा, तुमचाच कॅमेरा वापरते मी. हाय तसा." तिचं वाक्य संपायच्या आत कावळा पिंडावर. लोकांनी डोळे पुसले. मी जरा जास्तच पुसले. म्हटलं, पोरगीही बापासारखीच, खराब माल चालवून घेणार आणि तक्रार करणार नाही.

आता कळतंय, त्या घाटावर तुझ्या घरातलं प्रत्येक माणूस माझ्याकडं बघून हसू दाबत होतं. कावळ्याचं मी सांगू शकत नाही.

आपण वर कसे आलो ते पेठेला माहीत आहे. मी देवाच्या तसबिरी सायकलला बांधून गावोगाव विकत होतो. तू दुसऱ्याच्या स्टुडिओत अंधाऱ्या खोलीत फोटो धूत होतास. मला फोटोतलं कळत नव्हतं आणि तुला गिऱ्हाइकाकडं पैसे मागता येत नव्हते. म्हणून स्टुडिओ काढताना तोंडी करार झाला. मी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, तू गल्ल्याला लावायचा नाहीस. मी तो शेवटपर्यंत पाळला. कधी काचेवरची धूळसुद्धा झटकली नाही. तू माझ्या त्याच इमानदारीचा फायदा घेतलास.

तू तोंडाची रेघ न हलवता खोटं बोलू शकतोस, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. रिळाच्या दिवसांत लग्नात आहेर द्यायला स्टेजवर रांग लागायची आणि प्रत्येकाला आहेर देतानाचा फोटो हवा असायचा. एवढी रिळं कोण घालणार? म्हणून माझी युक्ती होती, मोकळा फ्लॅश. घरच्या माणसांचे खरे फोटो काढायचे आणि बाकीच्यांवर नुसता उजेड पाडायचा. उजेड पडला की माणूस खूश. पण तू त्या मोकळ्या फ्लॅशसाठीही तेवढाच जीव काढायचास. एक डोळा मिटायचास, दुसरा काचेला लावायचास, "मामा, हनुवटी वर. मामी, पदर नीट." शेजारी उभं राहून मलाही कळायचं नाही, रीळ फिरलं की नाही.

आणि तो गगनबावड्याचा म्हातारा आठव. भर पावसात प्लॅस्टिकचा कागद पांघरून आला होता. भाचीच्या लग्नात त्यानं पितळेची घागर दिली होती आणि अल्बममध्ये तो कुठंच नव्हता.

"उजेड पडल्याला मी सोताच्या डोळ्यानं बघितला की वो," तो म्हणाला.

मी रीळ खराब निघालं म्हणून सांगणार होतो. तू माझ्या पायावर पाय दिलास. "मामा, तुमचा फोटो झकास आलाय, पण त्यात तुमचं डोळं मिटल्यात. म्हणून मागं ठिवलाय. एक नवा काढू की. शेठ, घरनं घागर आण."

मी घागर आणली. तू त्याला आपल्या रंगवलेल्या पडद्यासमोर उभा केलास, तळं आणि हंस होते त्या. त्या भाचीच्या अल्बममध्ये अजून तो फोटो असेल. सगळं लग्न मांडवातलं, आणि मधेच एक म्हातारा तळ्याच्या काठावर समोर कुणी नसताना घागर देतोय. कुणी विचारलं नाही. म्हातारा चहा पिऊन गेला, जाताना तुझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. माझ्या नाही. घागर माझी होती.

पुढं रीळ मागं पडलं, डिजिटल आलं आणि मी ठरवलं, पेठेत पहिला कॅमेरा आपला. आतल्या भानगडी मला कळल्या नाहीत. मला आवडला तो पाठीवरचा छोटा डिस्प्ले. काढला की दिसला! हातोहात माल दाखवता येईल, असं नशीब फोटोच्या धंद्यात कधी कुणाचं नव्हतं. पुण्याच्या त्या दुकानात मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घासाघीस केली. दोनदा उठून रस्त्यावर आलो, दोन्ही वेळा त्यानं हाक मारून परत बोलावलं. बॅग, जादा बॅटरी, कार्ड, सगळं त्याच किमतीत पदरात पाडून घेतलं. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "साहेब, कोल्हापूरला अजून तुमच्यासारखी किती माणसं आहेत?" माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला व्यवहार होता.

येताना एसटीत तू खिडकीशी बसलास, कॅमेरा मांडीवर. मी विचारलं, "कसा हाय?"

डोळा लावून बाहेर बघत तू म्हणालास, "डोळ्याची काच झकास हाय."

डिस्प्लेबद्दल चकार शब्द नाही. मी मात्र दुसऱ्याच दिवशी बोर्ड रंगवून घेतला, 'काढलेला फोटो जागेवर बघा.'

पहिले काही महिने कसे गेले! लग्नात तुझ्याभोवती माश्या बसाव्यात तशी माणसं. "दाखवा की बघू." "अगंबाई, माझं नाक बघ." "परत काढा, मामा शिंकलं." मला धंदा दिसत होता. तू घरी येऊन मान चोळत बसायचास. मग एक दिवस शिरोळचं लग्न करून आलास आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर वायरमन वापरतात तसली काळी चिकटपट्टी.

"डिस्प्ले गेलाय, शेठ."

"गेलाय म्हंजे?"

"आत काळं पाणी पसरलंय. पट्टी काढली तर काच हातात यील. फोटो येत्यात, काळजी करू नगंस."

"काढ पट्टी. बघू दे मला."

"करार हाय की रं आपला."

संपलं. मी पुण्याला फोन लावला. तो माणूस शांतपणे म्हणाला, कॅमेरा घेऊन या, बघून देतो. तू कॅमेरा सोडेनास. आधी लग्नसराई होती. मग पावसाळा आला, ओल लागेल म्हणालास. तोवर हमीची मुदत संपली. मग मी त्या माणसाला फोनवर जे बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. बोर्डावर पांढरा रंग फासला. आणि पेठेत बातमी फिरली, शेठला पुण्यात टोपी घातली. तालमीच्या कट्ट्यावरनं जाताना पोरं डोक्याला हात लावून दाखवायची. मला! ज्याच्याशी भाव करायला नको म्हणून भाजीवाल्या आधीच दर कमी सांगत होत्या, त्या मला.

पण टोपीपेक्षा वाईट होतास तू. त्या दिवसापासून आपल्या भांडणात मी एकदाही जिंकलो नाही. मला तो हंसांचा जुना पडदा काढून टाकायचा होता. तू म्हणालास, "डिस्प्ले गेलेला कॅमेरा मी चालवून घेतोय न्हवं? मग पडदा तू चालवून घे." पडदा राहिला. सोमवारी दुकान उघडं ठेवायचं म्हटलं की तू नुसता कॅमेरा उलटा करून काळी पाठ माझ्याकडं करायचास. सोमवारची सुट्टी राहिली. ओळखीच्या बायकांचे फोटो फुकट काढू नको म्हटलं, तरी तेच. तोंडानं काही बोलायची गरजही उरली नव्हती. पाठ दाखवायचास की झालं.

आणि खंडेनवमीला? तू कॅमेरा पाटावर ठेवायचास, आणि पूजेपुरता करार बाजूला म्हणून हळदकुंकू माझ्या हातानं. कुंकू कुठं लावू विचारलं की तू म्हणायचास, "पाठीमागंच लाव, जखमेवर." दरवर्षी मी त्या पट्टीला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, हात जोडले आणि मनात म्हटलं, बाबा, तेवढा पुढच्या वर्षीपर्यंत टिक. तू शेजारी तोंड गंभीर करून बसलेला. यशा, तू त्या वेळी हसला कसा नाहीस, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

गेल्या आठवड्यात मी दुकान उघडलं. तुझ्या घरनं वैनींनी कॅमेरा बॅगेसकट पाठवून दिला होता. मी बॅग काउंटरवर उघडून बराच वेळ बघत बसलो. करार दोघांचा होता, त्यातला एक गेला. हात पुढं केला, मागं घेतला, मग उचलला. वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. डोळ्याच्या काचेभोवतीचं रबर तुझ्या भुवईनं एका बाजूला झिजलेलं. तिथं मी जरा थांबलो. मग पट्टीचं टोक दिसलं, उन्हाळ्यानं सुटलेलं. म्हटलं, काच हातात आली तर आली, निदान जखम तरी बघतो. ओढली.

खाली काच कोरी. ओरखडा नाही, तडा नाही, काळं पाणी नाही. बटण सरकवलं आणि डिस्प्ले लख्ख उजळला. त्यावर फोटो नव्हता, काही नव्हतं. इंग्रजीत दोन शब्द आले, आत कार्ड नाही म्हणून. मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले.

पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद. मी शेजारच्या टेलरला ओरडून सांगितलं, "अरं, मला कुणी टोपी घातली न्हवती! चांगला हाय! अगदी चांगला हाय!" तो मशीन थांबवून बघत राहिला. त्याला वाटलं दुःखानं माझं डोकं फिरलं. मी दुकानात एकटाच फेऱ्या मारल्या. माझा व्यवहार बरोबर होता. तू खराब कॅमेऱ्यावर आयुष्य काढलं नाहीस. दवाखान्यातलं ते हसणं मोठ्या मनाचं नव्हतं, ते नुसतंच हसणं होतं! धोंडा तिथंच उतरला. आणि मग, चहा येईपर्यंत, दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. पुण्यानं फसवलं नाही, तर कुणी फसवलं?

मी कॅमेरा घेऊन तडक तुझ्या घरी. वैनी तांदूळ निवडत होत्या.

"वैनी, हे काय हाय?"

त्यांनी कॅमेऱ्याची उघडी पाठ बघितली, मग मला, आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडू आलं. हसत होत्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

"घावलं व्हय शेवटी?"

"म्हंजे तुमाला म्हाईत हुतं?"

"मला, शुभीला, तुमच्या घरात बी. समद्यास्नी."

"आणि मला कुणी सांगितलं न्हाई?"

"सांगायला जावं तर तुमी पुण्याच्या माणसाला शिव्या घालायला लागायचा, भाऊजी. मधी तोंड घालायचं कुठनं?"

मग त्यांनी शिरोळचं सांगितलं. ते मी तुला परत सांगतो, चुकलं तर सांगायला ये.

नवरीचा बाप ऊसवाला, आडदांड, मोठ्या मिशांचा. पोरगी गाडीत बसताना तोंड वेडंवाकडं करून रडला. तू फोटो काढलास. लगेच भाऊबंद डिस्प्लेवर वाकले. "दादा, बघा की कसं दिसताय!" हशा झाला. बापानंही वाकून बघितलं आणि तो लाजला. तोंड पुसलं, फेटा सारखा केला आणि म्हणाला, "ह्यो पुसा. परत काढा." तू डोळा लावलास. तो ताठ उभा राहिला, तुझ्याकडं बघत. आणि तुला काचेतून त्याच्या खांद्यामागं दिसलं, गाडी हलली. पोरगी मागच्या काचेतनं वळून बापाकडं बघत होती, आणि बाप कॅमेऱ्याकडं. "आला का नीट?" त्यानं विचारलं आणि मग वळला. गाडी नदीच्या रस्त्याला लागली होती.

"त्या दिवशी जेवलं न्हाईत," वैनी म्हणाल्या. "म्हणालं, रीळ असतं तर त्यो बाप पोटभर रडला असता. फोटो महिन्यानं बघितला असता, तवर पोरगी बी म्हायेराला आली असती, संगट बसून हसली असती."

तांदळातला खडा काढून त्यांनी बाजूला ठेवला. मी विचारलं, "मग हे मला का सांगितलं न्हाई त्यानं?"

"तुमी ऐकलं असतं व्हय?"

ऐकलं नसतं. सरळ सांगतो. गिऱ्हाइकाला बघायचं असेल तर बघू दे, त्याचं लग्न, त्याचं तोंड, आपलं काय जातंय, असंच म्हणालो असतो. आजही म्हणतो. त्या बापानं स्वतःच्या तोंडानं परत काढा म्हटलं, तू त्याला वळून बघ म्हणून सांगायचंस. पट्टी लावून काय होतं? पण यशा, भांडलो असतो की रे आपण! चार दिवस एकमेकांचं तोंड बघितलं नसतं. मी बोर्ड काढला नसता, तू डिस्प्ले दाखवला नसतास, गिऱ्हाइकं मधल्या मधे हैराण झाली असती. रंगात आलं असतं भांडण. आपल्या सगळ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भांडण तू एका पट्टीखाली दाबून ठेवलंस आणि आता माझ्याशी भांडायला तू नाहीस. याबद्दल मी तुला माफ करणार नाही. म्हाताऱ्याच्या त्या घागरीबद्दल केलं, याबद्दल नाही.

परवा शुभांगीनं एकटीनं घेतलेलं पहिलं काम होतं, मार्केट यार्डाजवळच्या हॉलमध्ये. मी स्वतः काच पुसून कॅमेरा तिच्या हातात दिला. सांगितलं, "आता डिस्प्ले बरा झालाय. लोकांना दाखवायचा."

"बरं, काका," ती म्हणाली. इतकं सरळ म्हणाली की मला संशय यायला हवा होता. तुझीच पोर.

मी हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसलो. अक्षता झाल्या. नवऱ्याची मावशी तिच्याकडं आली. "ए पोरी, दाखीव की कसं आलंय."

शुभांगीनं कॅमेरा उलटा केला. नवी कोरी काळी पट्टी. कडा ब्लेडनं कापलेल्या.

"डिस्प्ले गेलाय, मावशी."

"असा कसा गेला गं?"

"आमच्या काकांनी पुण्यातनं आणलाय. टोपी घातली तिथं त्यास्नी." आणि बोट माझ्याकडं.

मावशीनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "आरं द्येवा," ती म्हणाली, आणि मला एक लाडू जास्त वाढायला सांगितला.

मी तिथंच तिला धारेवर धरणार होतो. उठलोसुद्धा. पण तिचं एक काम संपलं की दुसरं, तिला बाजूला घ्यायला कोपरा मिळेना, आणि तेवढ्यात पाठवणी आली. नवरीचा बाप रिक्षावाला, बारीक अंगाचा. आवाज न करता रडत होता, तोंडाचा पार चोळामोळा झालेला. शुभांगीनं एक डोळा मिटला, दुसरा लावला, बटण दाबलं. कुणी वाकलं नाही. कुणी हसलं नाही. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो माणूस गाडीकडंच बघत होता. मी परत खाली बसलो.

म्हणजे आता हे असंच चालणार. टोपी माझ्या डोक्यावर राहणार. ती कुणी घातलीच नव्हती हे मला माहीत असूनही मी गप्प बसायचं. हे मला मान्य नाही. पुण्याच्या माणसानं फुकट शिव्या खाल्ल्या, माझा बोर्ड पांढरा झाला, मी वर्षानुवर्षं चिकटपट्टीला हात जोडले, आणि आता माझ्या देखत, माझ्या कॅमेऱ्यावर, तुझी पोरगी तेच करते. याचं उत्तर कुणीतरी द्यायला पाहिजे. हॉलमधून निघताना मी तिला तेच विचारलं. ती बॅगेची चेन ओढत म्हणाली, "मला काय विचारताय, काका? बाबांना विचारा."

विचारतोय. दे उत्तर, यशा.